मूर्तिजापूरला गाडी बदलताना

लग्ने जुळवण्याचे काम मला कधी साधले नाही. नात्यातली माणसे माझ्याकडे स्थळे घेऊन येतात, कारण मी पडलो शाळामास्तर. मास्तराला चार गावांतली घरे ठाऊक असतात, अशी लोकांची एक भाबडी समजूत आहे. पण दोन चांगल्या स्थळांतून एक निवडण्याची वेळ आली की मी हळूच उठतो आणि माठातले पाणी प्यायला जातो. अशा माणसासमोर दोन दिवाळ्यांपूर्वी त्याच्याच मुलीने असा एक पेच आणून ठेवला. स्थळे दोन होती, दोन्ही चांगली होती. फक्त ती माणसांची नव्हती, छायाचित्रांची होती.

त्याचे झाले असे, की माझ्या पुण्याच्या धाकट्या भावाने नवा फोन घेतला आणि आपला जुना आयफोन दिवाळीला येताना माझ्यासाठी आणला. मी चित्रकलेचा शिक्षक. मॅट्रिक झालो, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षांच्या जोरावर चित्रकलेच्या वर्गात उभा राहिलो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. त्यामुळे "दादाला चांगला कॅमेरा पाहिजे" असे भावाचे म्हणणे. अभ्यंगस्नान आटोपून मी फोन हातात घेतला, तर आमची कन्या आधीच त्याची कुंडली मांडून बसलेली. ती यवतमाळला शास्त्र शाखेत शिकते. तिने विचारले,

"बाबा, फोटो कशात ठेवायचे? इथं दोन पर्याय आहेत."

पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. एक 'हाय एफिशियन्सी' आणि दुसरी 'मोस्ट कम्पॅटिबल'. मी मनातल्या मनात त्यांचे मराठी केले, आणि मला हसू आले. विवाहमंडळाच्या वहीतलीच भाषा ही! पहिले स्थळ अतिशय कर्तबगार. दुसरे सर्वांशी जुळवून घेणारे. पहिल्याचे नाव हाइक, दुसऱ्याचे जेपेग. पहिले वयाने लहान, कमी जागेत राहणारे, पण कुणाच्या घरी गेले तर तिथले लोक त्याला ओळखतील याची शाश्वती नाही. दुसरे वयस्क, जरा ऐसपैस पसरणारे, पण ज्या दारात उभे राहील तिथे "या, बसा" म्हणून स्वागत ठरलेले.

माझी आई शेजारीच करंज्या कातत बसली होती. तिला मी हा सारा प्रकार समजावून सांगितला. तिने कातण खाली न ठेवता निकाल दिला, "मंग जे सगळ्याइसंग जुळवून घेते थेच ठेव ना बाप्पा! लय हुशार असलं का घरात भांडणं लावते."

मुलीने मात्र हिशेब मांडला. फोनात जागा चौसष्ट जीबी. त्यातली बरीच भावाच्या जुन्या पसाऱ्याने आधीच व्यापलेली. नव्या प्रकारात तोच फोटो जवळजवळ निम्म्या जागेत मावतो आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. मी शिक्षक असल्यामुळे हिशेबाला भितो. कर्तबगार स्थळ पक्के झाले. त्या दिवाळीचे सगळे फोटो मी त्यातच काढले. भाऊबीजेला कारंज्याहून मामा आले, आईने त्यांना ओवाळले, तोही फोटो त्यातच निघाला. मग मी तो सारा विषय विसरून गेलो.

विसरलेल्या गोष्टी मास्तराला परीक्षेच्या दिवशीच आठवतात.

पुढल्या जून महिन्यातली गोष्ट. माझी एक विद्यार्थिनी दहावीला उत्तम गुणांनी पास झाली. घरची चार एकर कोरडवाहू जमीन, कापूस नि तूर. आई-बाप दोघेही पेरणीत गुंतलेले. तिला एका अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा होता. अर्ज ऑनलाइन, आणि तो भरण्याचा शेवटचा दिवस. तिने अर्ज का लांबवला होता हे मी विचारले नाही. जातीच्या दाखल्यासाठी किती खेपा घालाव्या लागतात हे मला ठाऊक आहे. शाळेच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभे करून मी माझ्या फोनने तिचा फोटो काढला. कोऱ्या कागदावर तिने सही केली, तिचाही काढला. गुणपत्रिकेचाही काढला. शाळेच्या संगणकाला फोन तारेने जोडला, तिन्ही फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून दिले, आणि तालुक्याच्या गावी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात तिला पाठवले. संगणकाच्या पडद्यावर फोटोंच्या जागी नुसते कोरे चौकोन दिसत होते. ते मी पाहिले, पण यवतमाळच्या बैठकीला जायची एसटी सुटायला आली होती. दुकानातल्या चांगल्या संगणकावर दिसतील, असे म्हणून मी निघालो.

बैठक लांबली. परतीच्या वाटेवर फोनची बॅटरी संपली. रात्री नऊच्या सुमारास मी एसटीतून उतरलो तेव्हा झिमझिम पाऊस पडत होता. दुकानाच्या पायरीवर ती पोरगी बसली होती, आणि तिच्या शेजारी तिचा बाप, डोक्यावर खताची रिकामी पिशवी खोळीसारखी घेऊन.

"सर, फोटो उघडूनच नाही राहिले," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती; तक्रार करायची ताकदही नव्हती.

"गुर्जी, पोरगी दुपारपासून काही खाल्ली नाही," बाप म्हणाला.

दुकानदार तरुण, मोठा खटपट्या. त्याने मला पाहताच सांगितले, "सर, हे तुम्ही काय पाठवलं? साइट घेतच नाही. मी नाव बदलून जेपीजी करून पाहिलं, तरी घेत नाही."

नाव बदलून काय होणार? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! फाइलीच्या शेपटीला जेपीजी जोडले म्हणून तिच्या पोटातले जेपेग होत नाही. तिला नव्याने आपल्या भाषेतून त्या भाषेत लिहून काढावे लागते. दुकानदाराने पोरीचा दुसरा फोटो काढला होता, पण गुणपत्रिका तिने घरी ठेवली होती. ती आणायला गावी जाऊन परत यायला तिला वाहन नव्हते. बापाला निरोप गेला होता, तो मिळेल त्या गाडीवर बसून आला होता. पण "काय आणायचं" हे निरोप सांगणारा विसरला होता.

मी फोन दुकानातल्या तारेला लावला. तो जागा व्हायला जी काही मिनिटे लागली, तेवढ्या वेळात मी घड्याळाकडे किती वेळा पाहिले असेल! मग व्हॉट्सअॅपवरून तेच फोटो दुकानदाराला पाठवले. ते पाठवताना फोन आपण होऊन त्यांचे जेपेग करतो. इतके सोपे होते ते! अकरा वाजून वीस मिनिटांनी अर्ज गेला. पावतीचा कागद छापून बाहेर आला तेव्हा बापाने तो दोन्ही हातांत धरला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "गुर्जी, तुम्ही होते म्हणून झालं."

वाचकहो, मी काय उत्तर द्यायला हवे होते? "मी होतो म्हणूनच झाले नव्हते," हे. घोटाळा माझ्या फोनाचा, माझ्या घाईचा, आणि कोरा चौकोन पाहूनही पुढे निघून जाण्याच्या माझ्या आळसाचा. पण मी काही बोललो नाही. मी त्यांना चहा पाजला, बिस्किटाचा पुडा पोरीच्या हातात दिला, आणि उपकारकर्त्याच्या थाटात घरी आलो.

त्या रात्री झोप लागली नाही. माणसाला आपली चूक उमगली की तो दोनपैकी एक गोष्ट करतो; ती कबूल करतो, किंवा तिच्याविषयी माहिती गोळा करू लागतो. मी दुसरा मार्ग धरला. त्यातून जे कळले ते मोठे मनोरंजक होते.

आपण ज्याला जेपेग म्हणतो ते १९९२ साली ठरले. जगातल्या तज्ज्ञांची एक समिती बसली होती. तिच्याच नावाची आद्याक्षरे म्हणजे जेपेग. ही पद्धत चित्राच्या आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटी पाडते. आम्ही चित्रकलेचे मास्तरही लहान चित्र मोठे करताना चौकटीच पाडतो, त्यामुळे मला हे ऐकून आपल्या माणसाची भेट झाल्यासारखे वाटले. प्रत्येक चौकटीतला प्रकाश कसा चढतो-उतरतो हे काही ठरावीक लहरींच्या बेरजेने मांडायचे, आणि डोळ्याला जे बारकावे फारसे जाणवत नाहीत ते सोडून द्यायचे. सोडून दिले की जागा वाचते. मात्र सोडलेले परत मिळत नाही.

या लहरींचे गणित ज्याने प्रथम सुचवले तो माणूस आपल्या बंगळूरचा, हे वाचून तर मी उठून बसलो. नासिर अहमद त्यांचे नाव. जन्म १९४० चा. अमेरिकेत कॅन्सास येथे प्राध्यापक असताना १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी सरकारी संस्थेकडे पैसे मागितले. ते नाकारले गेले; कल्पना फारच साधी आहे, असे कुणाला तरी वाटले. तरी त्यांनी काम सोडले नाही. १९७४ साली टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते प्रसिद्ध केले. आज तुमच्या-आमच्या घरातली बारशापासून वास्तुशांतीपर्यंतची सगळी चित्रे त्या 'फारच साध्या' कल्पनेच्या आधाराने टिकून आहेत.

नवी पद्धत २०१५ साली तयार झाली, आणि अॅपल कंपनीने २०१७ साली ती आपल्या फोनांत आणली. तिचे मूळ चलच्चित्रे लहान करण्याच्या विद्येत आहे. ती सगळीकडे सारख्याच चौकटी पाडत नाही. मोकळ्या आभाळासाठी मोठा तुकडा, डोळ्याच्या पापणीसाठी लहान तुकडा. आणि प्रत्येक तुकडा कसा असेल हे शेजारच्या तुकड्यांवरून आधी ताडायचे, आणि चुकले तेवढेच लिहून ठेवायचे. आमच्या घरची गोधडी अशीच असे. आईच्या जुन्या लुगड्याचा मोठा तुकडा मधे, आणि कडेला चोळीच्या खणांचे बारके त्रिकोण. गंमत अशी, की या नव्या पद्धतीच्या पोटातही नासिर अहमदांच्याच गणिताचा वंश आहे. म्हणजे ही दोन स्थळे परकी नव्हेतच. एकाच आजोबांची नातवंडे!

मग नवे नातू सगळ्या दारांत का ओळखले जात नाही? एक तर वय कमी. दुसरे असे, की त्या विद्येवर अनेक कंपन्यांचे पेटंटचे हक्क आहेत, त्यामुळे ती फुकटात प्रत्येक यंत्रात घालता येत नाही. विंडोजच्या पुष्कळ संगणकांना हे फोटो दाखवण्यासाठी वेगळी जोडणी करून द्यावी लागते. आणि सरकारी-निमसरकारी अर्जांची संकेतस्थळे जुन्या कारकुनासारखी असतात; नमुन्यात बसेल तेच घेतात. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीच्या काळात, अमेरिकेतल्या शाळकरी मुलांची 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाची परीक्षा घरबसल्या झाली. मुलांनी हाताने लिहिलेल्या उत्तरांचे फोटो काढून पाठवले. ज्यांच्या आयफोनांनी ते नव्या प्रकारात काढले होते, त्यांतल्या कित्येकांचे फोटो संकेतस्थळाने स्वीकारलेच नाहीत, आणि त्यांना परीक्षा पुन्हा देण्याची पाळी आली. तिथेही कुणी कुणी नाव बदलून पाहिले होते म्हणे! कुठे अमेरिका आणि कुठे आमचा तालुका. पण पायरीवर बसलेल्या पोरीचा चेहरा दोन्हीकडे सारखाच असणार.

हे सगळे वाचताना मला सारखी आमची शकुंतला आठवत होती.

शकुंतला म्हणजे यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी छोट्या रुळांची गाडी. ती इंग्रजांच्या काळात सुरू झाली. इंग्रजांना वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि पुढे बोटीने मँचेस्टरला न्यायचा होता. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. डोंगराळ मुलखात असा रूळ स्वस्तात बसतो, वळणे घेतो, थोड्या जागेत मावतो. थोडक्यात, 'हाय एफिशियन्सी'! पण मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची मोठी गाडी येई, तिचे रूळ साडेपाच फुटांचे. छोट्या गाडीचा डबा त्या रुळांवर चढू शकत नाही. मग कापसाच्या गाठी उतरवा आणि पुन्हा चढवा. माणसांनीही उतरा आणि पुन्हा चढा. सुमारे ११३ किलोमीटर रमतगमत आलेली गाडी आणि तिच्यातली माणसे तिथे येऊन थबकत.

माझ्या लहानपणी आई आम्हां दोघा भावांना घेऊन दिवाळीला याच गाडीने माहेरी कारंज्याला जाई. एप्रिल १९९४ पर्यंत या गाडीला वाफेचे इंजिन होते; तिच्या कोळशाची कुसळे माझ्या डोळ्यांत पुष्कळदा गेली आहेत. कधी मुंबईच्या मावशीकडे जायचे असले की कारंज्याहून पुढे मूर्तिजापूर गाठावे लागे. तिथे उतरताना आई गाठोडी मोजायची. एक वळकटी, दोन पिशव्या, एक पत्र्याचा डबा, आणि आम्ही दोघे. मोठ्या गाडीत चढल्यावर पुन्हा मोजायची. तिचे एक वाक्य ठरलेले असे: "गाडी बदलली म्हणून सामान सोडायचं नसते."

आता ती गाडी धावत नाही. वर्ध्याहून कळंबपर्यंत मोठ्या रुळांची गाडी २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, आणि ती पुढे यवतमाळला कधी पोहोचते याची आम्ही वाट पाहतो आहोत.

असो. मी फोनातली ती खूण बदलली. 'मोस्ट कम्पॅटिबल'! आई म्हणाली तेच खरे, असे मी घरात जाहीर केले. मुलगी म्हणाली, "बाबा, पाठवताना तेवढं जेपेग करून पाठवलं तरी चाललं असतं. सगळे फोटो जुन्यात काढायची गरज नाही." पण पस्तावलेल्या माणसाला मधला मार्ग दिसत नाही. त्याला या टोकावरून त्या टोकावर उडी मारल्याशिवाय प्रायश्चित्त घेतल्यासारखे वाटत नाही.

त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. जुना प्रकार दुप्पट जागा खातो. पोळा झाला, पोळ्याच्या दिवशी दारात आलेल्या बैलजोडीची पूजा करताना आईचे मी वीस-पंचवीस फोटो काढले. एका फोटोत बैलाने तिच्या ताटातल्या पुरणपोळीला अचानक तोंड लावले होते आणि ती तोंडावर पदर घेऊन लहान मुलीसारखी हसत होती. दसऱ्याच्या सुमाराला शाळेतल्या मुलांच्या चित्रांचे फोटो काढायला गेलो, तर फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. मी घाईतच होतो. मी नेहमीच घाईत असतो. जूनपासूनचे बरेचसे फोटो एका बैठकीत पुसून टाकले. पोळ्याचे फोटो घरच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलेलेच होते. म्हटले, तिथे तर आहेतच.

पौषात आई गेली. आजारी फारशी नव्हती. सकाळी तुळशीला पाणी घालून आली आणि ओसरीवर बसली ती उठली नाही.

तेराव्याला फोटो हवा. सगळ्यांच्या तोंडी एकच, तो पोळ्याचा, हसतानाचा. मी गटावरून तो उतरवला आणि फोटो स्टुडिओत नेला. त्याने पडद्यावर तो भिंतीवर लावायच्या आकाराचा केला मात्र, आईचा चेहरा चौकटी-चौकटींचा झाला. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या गेल्या, कपाळावरचे गोंदण धुऊन निघाल्यासारखे झाले. ज्या चौकटी पुस्तकात वाचताना मला आपल्या माणसाची भेट झाल्यासारख्या वाटल्या होत्या, त्याच आता माझ्या आईच्या तोंडावर उभ्या होत्या. स्टुडिओवाला हळूच म्हणाला, "सर, मूळ फोटो असन तर द्या ना." मूळ फोटो मी दसऱ्याला पुसला होता. पुसलेले फोटो फोन तीस दिवस सांभाळतो. ते तीस दिवस केव्हाच उलटून गेले होते.

घरी येऊन मी जुन्या प्रकाराला खूप दोष दिला. मुलीने ऐकून घेतले आणि मग शांतपणे म्हणाली, "बाबा, दोष जेपेगचा नाही. तो गटावर टाकताना लहान झाला, मग काकांनी परत पाठवला, आत्याने परत पाठवला. दर वेळी थोडं थोडं गळत गेलं. मूळ जेपेग असता तर आजी स्पष्ट दिसली असती."

ती रडत होती आणि तरी बरोबर बोलत होती. शास्त्र शिकलेल्या मुलांचे मला हेच कौतुक वाटते.

मग तिनेच फोन घेतला आणि मागे मागे जात भाऊबीजेपर्यंत पोहोचली. जूनच्या आधीचे फोटो मी पुसले नव्हते. ते नव्या प्रकारातले, आटोपशीर. फोन भरल्याचा ठपका त्यांच्यावर आलाच नव्हता, म्हणून माझा हात त्यांच्यावर फिरला नाही. हातात ताट घेतलेली आई, समोर मामा. निरांजनाचा उजेड हनुवटीखालून चेहऱ्यावर आलेला. मुलीने तो फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. गोंदणाचे तीन ठिपके तीनही दिसत होते. नखाच्या कडेला लागलेली हळद दिसत होती. जो प्रकार मी घरातून हाकलून दिला होता, त्यानेच माझी आई जपून ठेवली होती. आणि जो प्रकार आईने पसंत केला होता, त्यातली तिची हसरी मुद्रा मी माझ्या हाताने घालवली होती. स्टुडिओत जाताना मी त्याचे जेपेग करून नेले, आणि तेराव्याला तोच फोटो ठेवला.

आमच्याकडे एका जुन्या पेटीत आजोबांच्या हातचा एक कागद आहे. मोडीत लिहिलेला. मोडी भरभर चाले. बोरू फारसा उचलावा लागत नसे, आणि थोड्या वेळात पुष्कळ मजकूर उतरे. त्या काळची ती कर्तबगार लिपी. छापखाना आला, बाळबोध अक्षर घरोघर गेले, आणि स्वातंत्र्यानंतर मोडी शाळांतून गेली. तो कागद शेताच्या वाटणीचा आहे की कुणाला लिहिलेले पत्र आहे, हे आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही. कागद फाटलेला नाही, शाई फिकी झालेली नाही. फक्त तो उघडत नाही. आजोबांनी लिपी निवडताना काही चूक केली होती काय? मुळीच नाही. आपला नातू कोणत्या शाळेत जाईल हे त्यांना कसे ठाऊक असणार? चूक झाली असलीच तर ती मधल्या पिढीची, आमची. मोडी वाचणारे म्हातारे गावात होते तोवर कुणी तो कागद बाळबोधीत उतरवून घेतला नाही. आता कुण्या जाणकाराकडे तो नेऊन वाचून घ्यायचे मी ठरवले आहे.

तेव्हा नवे चांगले की जुने, या वादात आता मी पडत नाही. फोनातली खूण मी पुन्हा पहिल्या स्थळावर आणली आहे. घरात ठेवायचे ते नव्यात ठेवतो. दुसऱ्याच्या हाती द्यायचे, अर्जाला जोडायचे, ते जुन्यात करून देतो, आणि देण्याआधी ते उघडते की नाही हे स्वतः उघडून पाहतो. आपल्या हातातली चीज समोरच्याच्या घरी कोणत्या रुळांवरून जाणार आहे, हे पाहणे त्याचे काम नव्हे; ते पाठवणाऱ्याचे काम आहे. कादंबरी लिहितानाही हे मला फार उशिरा समजले.

गणपतीच्या सुटीत ती विद्यार्थिनी भेटायला आली. वसतिगृहात राहते, पहिल्या वर्षाला चांगले गुण मिळाले. तिने पेढे आणले होते. भिंतीवरच्या आईच्या फोटोला तिने नमस्कार केला. मला एकाएकी राहवले नाही. मी म्हणालो, "त्या रात्री तुझा अर्ज अडला तो माझ्यामुळे. फोटो माझ्या फोनने तसे काढले होते. तुझ्या वडिलांना मी ते सांगितलं नाही."

ती हसली. "सर, मले तेव्हाच माहीत होतं. दुकानातल्या दादानं दुपारीच सांगितलं होतं, सरांच्या फोनचा घोळ आहे म्हणून. मी बाबाले नाही सांगितलं."

"का गं?"

"तुम्ही घाईत होते," ती म्हणाली, आणि पेढ्यांचा डबा पुढे केला.

मी शिक्षक, आणि मला क्षमा करून ती पोरगी वर्षभर गप्प राहिली होती! मी पेढा घेतला. तो गिळायला मला जरा वेळ लागला.

आता पुन्हा दिवाळी आली आहे. भाऊ पुण्याहून नवी एक हार्ड डिस्क घेऊन येणार आहे. नरकचतुर्दशीच्या दुपारी आम्ही दोघे बसून सगळे फोटो तिच्यावर उतरवणार आहोत. नवे, जुने, दोन्ही प्रकारांतले. काही कागदावर छापूनही घेणार आहोत, कारण कागदाला तार लागत नाही. उतरवण्याआधी एकदा मोजू, आणि उतरवल्यावर पुन्हा एकदा मोजू. एक वळकटी, दोन पिशव्या, एक पत्र्याचा डबा, आणि आम्ही दोघे.